टेलवाल्याचं पाणी

भाऊजी, तुम्ही मंगळवारी सकाळी गेलात. इंदिरानगरच्या घरात, हॉलमध्ये, टाकीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. चहा अर्धा शिल्लक होता. टाकीतले पंप चालू होते. दुपारी आम्ही तुम्हाला अमरधामला नेलं. तिथून परत येईपर्यंत पंप बंद झालेले होते.

यातलं शेवटचं वाक्य तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून हा मजकूर. तुमचं गाव विंचूर, तुम्ही पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालात, मागे पत्नी आणि मुलगी असा परिवार आहे, हे बुधवारी पेपरात येऊन गेलं. मीच लिहिलं होतं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका नव्हत्या. टाकी त्यात बसली नाही. निधनवार्तेत मासे घेत नाहीत.

टाकी कुठून आली हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी क्रमाने सांगतो. निवृत्तीनंतर तुम्ही पूर्वाकडे, म्हणजे तुमच्या मुलीकडे, बंगळुरूला गेलात. तिथे दात दाखवायला गेलात. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत समुद्र भरलेला होता. प्रवाळ होते, मासे होते, आणि पाणी सतत हलत होतं. तुमचा नंबर आला, पुकारला गेला, निघून गेला. पूर्वा सांगते की बाबा दाढ न काढताच परत आले आणि जेवताना एवढंच म्हणाले, "पाणी फिरवायची सोय चांगली केलीय."

नाशिकला आल्यावर महिनाभरात हॉलमधला दिवाण बाल्कनीत गेला आणि त्या जागी टाकी आली. समुद्र नाशिकपासून घाट उतरून पलीकडे आहे. तो तुम्ही बादलीत बनवायचात, पिशवीतलं मीठ फिल्टरच्या पाण्यात ढवळून. माझी बहीण, म्हणजे तुमची बायको, दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, "नोकरीभर लोकांना सांगत फिरले, पाणी जास्त देऊ नका, जमीन खारवेल. आणि आता घरचं चांगलं गोड पाणी स्वतःच्या हाताने खारवतायत."

तुम्ही ढवळणं थांबवलं नाही. "तुमच्या ताईंना म्हणावं, ही परवानगीने खारवलेली जमीन आहे."

बायकोला उद्देशून बोललेलं वाक्य मेहुण्यामार्फत पाठवायची तुमची पद्धत शेवटपर्यंत टिकली.

आता पंप. प्रवाळ जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचं खाणं पाण्याने त्याच्यापर्यंत न्यावं लागतं आणि घाणही पाण्यानेच वाहून न्यावी लागते. त्यासाठी टाकीच्या आत दोन पंप बसवतात. जाळीच्या पिंजऱ्यात छोटा पंखा, त्याला मागे चुंबक, काचेच्या बाहेरून दुसरं चुंबक. दोन्ही एकमेकांना काचेतून धरून ठेवतात. कुठेही सरकवा, कुठेही वळवा. भांडण त्या वळवण्यावरून होतं.

पहिल्या दिवशी भांडणापर्यंत वेळ आली नाही. दोन चुंबकांच्या मध्ये तुमचं बोट सापडलं. ते सोडवताना तुम्ही दुसरा हात लावलात, त्या मनगटावर घड्याळ होतं. त्या दिवसापासून घड्याळ पुढे पळायला लागलं. तुम्ही ते दुरुस्त केलं नाहीत, बदललंही नाहीत, आणि लग्नकार्याला मांडववाल्यांच्या बरोबरीने पोचू लागलात. बोट सुटल्यावर तुम्ही डावा पंप पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला लावलात, तोंड किंचित वर करून, आणि बटण दाबलंत. पंपाने पाणी आणि हवा एकत्र ओढली आणि टाकीच्या काठावरून थेट समोरच्या भिंतीवर मारली. तिथे तुमच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आहे.

"अहो! मामंजींना अंघोळ घातलीत!"

"आबांना पाण्याची आवड होतीच," तुम्ही म्हणालात आणि दुसरा पंप चालू केलात. त्याने तळाची वाळू उचलली. मासे दिसेनासे झाले. वाळू खाली बसल्यावर एका कोपऱ्यात खड्डा आणि दुसऱ्या कोपऱ्यात टेकडी, असं धरणाच्या कामासारखं दृश्य होतं. ताईने फडकं आणलं. फोटोवरचं मीठ निघायला दोनदा पुसावं लागलं.

दुसऱ्या रविवारपासून वाद सुरू झाला. माझी बाजू अशी होती, आणि ती मी वाचून मांडत होतो, की दोन्ही पंपांची तोंडं समोरासमोर करावीत. दोन प्रवाह मध्यभागी आदळतात, पाणी सगळीकडे घुसळतं आणि एकही कोपरा कोरडा राहत नाही.

"पाण्याला पाण्याशी भांडायला लावायचं नाही," तुम्ही म्हणालात. "पाण्याला एक दिशा लागते. हेडला सोडायचं, टेलला पोचवायचं."

कालव्याच्या भाषेत सुरुवातीचं टोक म्हणजे हेड आणि शेवटचं टोक म्हणजे टेल. पाणी पाळीने सोडायचं, आणि पाळीत आधी टेलच्या शेतकऱ्याला द्यायचं, मग हेडच्या. कारण हेडवाल्याला आधी दिलं तर तो पोटभर पितो, शेजाऱ्याला पाजतो, आणि टेलपर्यंत फक्त निरोप जातो. हा नियम तुम्ही टाकीला लावलात. डाव्या पंपाजवळच्या प्रवाळांना तुम्ही हेडवाले म्हणायचात आणि त्यांच्याकडे संशयाने बघायचात. उजव्या टोकाला, खडकाच्या आडोशाला, एक अळंब्यासारखा प्रवाळ होता. जाड देठ, वर छत्री, आणि छत्रीवर शेकडो बारीक बोटं, पाण्यात हलणारी. तो टेलवाला. दोन्ही पंप त्याच्या दिशेने, एकामागे एक, अशी तुमची मांडणी होती.

"त्याने त्याला जोराचा मारा बसतो," मी म्हणायचो. "सोसाट्याच्या वाऱ्यात उभं केल्यासारखं होतं."

"टेलवाल्याने आजवर जास्त पाण्याची तक्रार केलेली नाही, संपादक."

मी उपसंपादक होतो. बढती तुम्ही दिलीत आणि चिडवायला दिलीत.

पुरावा गोळा करण्याचा एकच प्रयत्न झाला. कालव्यात पाण्याचा वेग बघायला तुम्ही काडी टाकून तिच्याबरोबर काठाने चालत जायचात. टाकीत तुम्ही माशांच्या खाण्याचा एक कण टाकलात. आपण दोघं काचेला नाक लावून, तुम्ही डावीकडून आणि मी उजवीकडून, त्याचा प्रवास बघत होतो. कण मध्यापर्यंत आला. तेवढ्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा आला आणि त्याने तो खाल्ला. त्याचं नाव तुम्ही पट्टेवाला ठेवलं होतं. दुसरा कणही त्यानेच खाल्ला. तिसऱ्या कणाच्या वेळी तो आधीच येऊन थांबला होता.

"खात्यातही असंच व्हायचं," तुम्ही म्हणालात. चौकशी तिथेच संपली.

मग तुमची मांडणी, पुढच्या रविवारी मी आल्यावर माझी, जेवणानंतर पुन्हा तुमची, असं चालू राहिलं. ताई पोळ्या करताना आतून विचारायची, "कोणाचं सरकार आहे आज?" जेवताना आपण शेतीवर, सिंहस्थातल्या रस्त्यांवर, तुमच्या घड्याळावर बोलायचो. पंपाचा विषय जेवणात काढायचा नाही, ही ताईची अट होती. पहिल्या घासापर्यंत आपण ती पाळायचो.

एका रविवारी, पाणी बदलताना, तुम्ही पंपांकडे न बघता मला एक प्रश्न विचारला. "तुमच्या पेपरात कालव्याला पाणी सोडल्याची बातमी येते. मंत्री बटण दाबतात, नारळ फुटतो, फोटो येतो. पोचल्याची बातमी कधी आली?"

मी म्हणालो, "सोडलं म्हणजे पोचणारच. पोचलं नाही तर बातमी होते. पोचलं यात बातमी काय आहे?"

"मी नोकरीभर काय केलं मग?"

तुम्ही चिडून विचारलं नव्हतं. हातात पाण्याची नळी होती, ती बादलीच्या बाहेर गेली होती आणि फरशीवर समुद्र पसरत होता, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ताईने फडकं आणलं.

आता मंगळवारची दुपार. आम्ही अमरधामला असताना घरी बायका होत्या, आणि तुमचा चुलतभाऊ बबन होता. विंचूरहून निघायला उशीर झाल्यामुळे तो थेट घरी पोचला होता. त्याने आत पाऊल टाकलं आणि त्याला मोटरीचा आवाज आला. बबनच्या आयुष्यात आवाज येणारी मोटर म्हणजे विहिरीवरची मोटर. त्याने आवाजाचा माग काढला, टाकीपर्यंत आला. दोन मोटरी आहेत, त्यातली एक चालू आहे, पाइप एकीलाही नाही, पाणी कुठेच पडत नाही. हे त्याने पाहिलं आणि पुढचं काम कोणाही शेतकऱ्याने केलं असतं ते केलं.

"घरात माणूस गेलाय, कुणाचं ध्यान नाय," तो नंतर मला म्हणाला. "मोटर कोरडी चालली व्हती. जळून गेली असती ना. म्या आपली बंद केली."

"बबनदादा, ती पाण्यातच होती."

"पाण्यात हाय, पण पाणी देतीया कुठं?"

याचं उत्तर तुम्ही देऊ शकला असतात.

पंप बंद असल्याचं माझ्या बुधवारी संध्याकाळी लक्षात आलं. गाळणीचा बोर्ड वेगळा असल्यामुळे मासे ठीक होते. हेडवाले थोडे सुकल्यासारखे दिसत होते. टेलवाल्याने छत्री मिटली होती. सगळी बोटं आत, वर मेणासारखा चकचकीत थर, आणि देठ एका बाजूला कललेला. मी प्लग बोर्डात लावले, पंप चालू झाले. टेलवाला उघडला नाही.

गुरुवारी पूर्वाने विषय काढला. ती बंगळुरूहून आली होती, तेराव्यापर्यंत थांबणार होती आणि सोमवारी आईला घेऊन जाणार होती. तिकिटं काढलेली होती. टाकी पंचवटीतला एक दुकानदार न्यायला तयार होता.

"आई, एकटी काय करणार आहेस इथे? मीठ ढवळत बसणार?"

ताई टाकीकडे बघत नव्हती. येणाऱ्या बायकांना ती सांगत होती, चहा किती शिल्लक होता ते.

"मामा, तू सांग तिला," पूर्वा मला म्हणाली.

त्यावर ताई बोलली. "टेलवाला उघडला तर टाकी राहील आणि मी राहीन. तेराव्यापर्यंत नाही उघडला, तर टाकी त्या माणसाला दे आणि मला कुठे न्यायचं तिथे ने."

पूर्वा म्हणाली, "आई, तो अळंबी आहे."

"तुझ्या बाबांचा खातेदार आहे तो," ताई म्हणाली आणि आत गेली.

अशा रीतीने टेलवाला उघडण्याचं काम माझ्याकडे आलं. भाऊजी, वर्षानुवर्षांच्या वादानंतर टाकी पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्या ताब्यात होती. मी दोन्ही पंप समोरासमोर केले, जसं मी नेहमी सांगत होतो. दोन्ही पूर्ण चालू. पाणी मध्यभागी आदळलं, वाळू उडाली, पट्टेवाला खडकामागे गेला आणि तिथेच राहिला. मी शुक्रवारी बघितलं, शनिवारी बघितलं. टेलवाला आणखी आक्रसला होता. रविवारी मी तुमची मांडणी केली. दोन्ही पंप डावीकडून उजवीकडे, एकामागे एक. टेलवाल्याचा देठ पार आडवा झाला.

रविवार होता, आणि खुर्ची रिकामी होती. मी माझी बाजू हळू आवाजात मांडली. तुमच्या बाजूने काय आलं असतं तेही बोललो, कारण एकतर्फी मजकूर छापायचा नाही अशी आमची शिस्त आहे.

पूर्वा दारात होती. "मामा, कोणाशी बोलतोयस?"

"मोटरीशी," मी म्हणालो. तिने पाणी आणून दिलं. मला की टाकीला, हे तिने सांगितलं नाही.

पुढचे दिवस घरात माणसं येत-जात राहिली. दुकानदाराचा फोन आला, टाकी किती लांब आहे विचारायला. पूर्वाने माप दिलं. बबन रोज विंचूरहून यायचा, टाकीसमोर उकिडवा बसायचा आणि टेलवाल्याकडे बघायचा. "माझ्यामुळं वहिनीचं घर मोडलं तर लय वाईट," तो म्हणाला. त्याला मी सांगितलं की तसं सिद्ध झालेलं नाही. त्याने त्याचं समाधान झालं नाही.

दहाव्याचं कार्य गुरुवारी नदीवर झालं. तिथून आल्यावर ताई अंघोळ करून बाहेर आली आणि पहिल्यांदा टाकीसमोरच्या खुर्चीत बसली. तुमच्या खुर्चीत. बराच वेळ पंपांकडे बघून तिने विचारलं, "दिलीप, त्या काचेवरच्या टिकल्या कशाला आहेत असं वाटतं तुला?"

काचेच्या कडेला टिकल्या होत्या, हे मला माहीत होतं. न्हाणीघरातल्या आरशाला असतात तशा. मी म्हणालो, "अंघोळीनंतर लावायला, आरसा समजून."

"मी काय वेडी आहे? काच पुसायची तर चुंबक काढावं लागतं. परत कुठे लावायचं याची खूण आहे ती."

हिरव्या टिकल्या एकीकडे होत्या, मरून दुसरीकडे. मी विचारलं, "हिरवी कुठली?"

"हिरवी रविवारची."

"आणि मरून?"

"मरून बाकीच्या दिवसांची."

मी हिरव्या टिकल्यांवरून बोट फिरवलं. एकामागे एक, दोन्ही उजवीकडे. तुमची मांडणी. मग मरून बघितल्या. एक डाव्या काचेवर, एक उजव्या. समोरासमोर.

"ताई, ही तर माझी मांडणी आहे."

"हुरळून जाऊ नको. टीव्हीखालचा खण उघड."

खणात दोन जाड प्लग होते, वर घड्याळासारखी चकती असलेले. फिरत्या चकतीने ठरल्या वेळी वीज चालू-बंद करणारे.

"हे मधे लावायचे," ताई म्हणाली. "दोन्ही पंप समोरासमोर, पण एकदम नाही. सकाळी एक, मग तो थांबतो आणि दुसरा सुरू होतो. पाळी."

"मग टेल कुठलं?"

"एकदा हे, एकदा ते. दोघांना मिळतं." ती सांगत होती आणि हाताने हवेत पाणी इकडून तिकडे नेत होती, अगदी तुमच्यासारखं. "मंगळवारी ते गेले तेव्हा असंच चालू होतं. बबनभाऊजींनी सगळं ओढून काढलं, मी हे प्लग खणात टाकले. रविवारी सकाळी तू यायच्या आत ते खणातच जायचे."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी म्हटलं होतं, सांगा एकदा त्याला, अर्धं त्याचं बरोबर होतं. तर म्हणाले, संपादक जिंकला तर रविवारी यायचा नाही."

मी आलो असतो, भाऊजी. हे खंडन इथे नोंदवतो.

पूर्वा बाजूला उभी राहून ऐकत होती. "आई, हे माहीत होतं तर दहा दिवस गप्प का होतीस?"

"बघत होते."

"काय?"

"ठेवायची की नाही," ताई म्हणाली. मग ती उठली, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला. मी बाहेरचं चुंबक धरलं. तिचं बोट सापडलं. तुम्ही पहिल्या दिवशी बोट सापडल्यावर वापरलेलाच शब्द तिने वापरला.

पंप मरून टिकल्यांवर गेले. जाड प्लग मधे लागले. डावा पंप सुरू झाला, उजवा थांबला. वाळू उडाली नाही. फोटोवर पाणी गेलं नाही. तुमच्या घड्याळावरून चकती लावली असल्यामुळे पाळी थोडी लवकर बदलायची. ताई म्हणाली, ते तसंच राहू दे.

शुक्रवारी काही झालं नाही. शनिवारी टेलवाल्याच्या अंगावरचा मेणासारखा थर एका कडेने सुटला आणि पाण्यात फडफडायला लागला. बबन म्हणाला, "कात टाकतोय." पूर्वाने दुकानदाराला फोन करून रविवारनंतर कळवते म्हणून सांगितलं. मी या सुधारणेचं श्रेय मांडणीला देता येणार नाही असं म्हणालो, कारण असे प्रवाळ कधी कधी आपोआपही उघडतात. माझ्या या म्हणण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

तेरावं रविवारी होतं. माणसं जेवून गेली. मागे आम्ही चौघं राहिलो, ताई, पूर्वा, बबन आणि मी. टेलवाल्याचा देठ सरळ झाला होता. छत्रीच्या कडेला बोटं बाहेर आली होती, आधी काही, मग सगळी. ताईने खाण्याच्या डबीतून एक कण घेतला आणि डाव्या टोकाला पाण्यात सोडला. बबन काठाने, म्हणजे सोफ्यापासून खिडकीपर्यंत, त्याच्याबरोबर चालत गेला. पट्टेवाला खडकामागे होता. पूर्वाने मोबाइल काढला आणि सोमवारच्या गाडीचं आईचं तिकीट रद्द केलं.

भाऊजी, रविवारी संध्याकाळी पाणी टेलला पोचलं.